जावयाने मासे वगळून खाल्लेला जपान

मंदाररावांचे आधी ओठ सुजले, मग डोळे. पापण्या तेलात सोडलेल्या पुरीसारख्या टम्म फुगल्या आणि डोळे आत बुडाले. "आई, पाणी," असे काहीतरी ते म्हणाले, पण आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. मग तोही येईना. समोर रिकाम्या वाट्यांची चळत होती आणि वाढणारी बाई हातातली भरली वाटी तशीच धरून उभी होती.

माझी मुलगी वर्षा ओरडत होती, "साकाना! साकाना!" साकाना म्हणजे मासा. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या जेवणात मासा घातलात, असे तिचे म्हणणे. आतून एक माणूस पातेली आणून दाखवत होता, बघा, मासा नाही. दुसरा कमरेत वाकून माफी मागत होता, कशाची ते त्यालाही ठाऊक नव्हते. जावयाचा मित्र निखिल मंदाररावांच्या पाठीत बुक्के घालत होता. आणि मी पिशवीतली आमसुले ओली करून जावयाच्या हातावर चोळत होते, कारण आमच्याकडे अंगावर पित्त उठले की आमसूल चोळतात.

तीन शहाणी माणसे आणि तीन उपचार. जावई मात्र निळे पडत चालले होते.

हे जपानात मोरिओका नावाच्या गावी झाले. तिथे आम्ही खायला गेलो होतो, आणि कशासाठी गेलो हे कळल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

ग्योतोकु

माझे गाव गुहागरच्या बाजूला, खाडीच्या काठी. आमच्या घरात मासळीशिवाय जेवण म्हणजे उपास. वर्षाने लग्न स्वतःच्या पसंतीने केले. मंदारराव पुण्याचे, न खाणाऱ्यांतले. न खाणाऱ्यांत दोन प्रकार असतात. एक स्वतः खात नाहीत. दुसरे दुसऱ्यालाही खाऊ देत नाहीत. मंदारराव तिसऱ्या प्रकारचे. खाऊ नको असे ते कधीही म्हणत नाहीत. नुसते नाक वर करतात आणि उठून खिडकी उघडतात. माझ्या मुलीने लग्नानंतर दोनदा बांगडा केला, दोनदा खिडकी उघडली, आणि बांगडा बंद झाला.

मग पुण्यातल्या घराघरांतली पोरे कॉम्प्युटरच्या कामावर परदेशी निघाली तेव्हा यांनाही कंपनीने जपानला पाठवले. टोकियोच्या कडेला ग्योतोकु म्हणून वस्ती आहे, तिथे राहतात. इमारतीत मराठी, तेलुगू, तमिळ, सगळे. संध्याकाळी जिन्यात उभे राहिले तर कुठल्या मजल्यावर सांबार आहे आणि कुठल्या मजल्यावर पिठले हे डोळे मिटून सांगता येते. जपानी शेजारी काय म्हणत असतील कोण जाणे. ते काहीच म्हणत नाहीत, नुसते वाकतात.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. माझ्या जावयाने भर समुद्रात राहून केले. त्या देशात आपल्याकडे जशी फोडणी तसे माशाचे पाणी. सुकवलेला मासा लाकडासारखा तासतात, उकळतात, गाळतात आणि ते पाणी आमटीत, भाजीत, सगळ्यात घालतात. त्याला दाशी म्हणतात. पाच वर्षांत मंदारराव ऑफिसपुरती जपानी शिकले, पण हॉटेलात त्यांची जपानी एका मंत्रावर चाले: "निकु नाशी, साकाना नाशी, दाशी नाशी." मांस नको, मासा नको, माशाचे पाणी नको. मुंजीत गायत्री म्हणताना जेवढे लक्ष दिले नसेल तेवढे लक्ष देऊन म्हणायचे.

मी गेले तेव्हा वसंत सरत आला होता. मंदारराव सकाळी उठले की शिंकत. त्या दिवसांत तिथल्या देवदारांचा पराग उडतो आणि अर्धा देश तोंडाला फडके बांधून हिंडतो, म्हणून यांनीही बांधले होते. मला उशी दिली ती घरातल्या सगळ्या उशांसारखी कोंड्याने भरलेली, दाबली की करकर वाजणारी.

"मानेला चांगली असते, आई," वर्षा म्हणाली.

"गुरांनी खायचं ते डोक्याखाली घेऊन झोपता होय गं?" मी म्हटले.

या प्रवासाचे कारण मंदाररावांचा साहेब. जेवणाच्या सुट्टीत त्याने विचारले, "मंदार-सान, पाच वर्षांत आमच्याकडचं काय काय खाल्लंत? सोबाच्या शेवया तरी?" मंदाररावांनी प्रामाणिकपणे सांगितले, भात. सगळे हसले. हे त्यांना फार लागले. जगात कुठेही जाऊन घरचाच डबा खाणाऱ्याला 'तू कुठे गेलाच नाहीस' असे म्हटले की राग येतोच. त्यांनी ठरवले की मे महिन्याच्या जोडसुट्टीत उत्तरेकडे जायचे आणि गावागावचा नावाजलेला पदार्थ खायचा. अर्थात शुद्ध शाकाहारी करून. संगणकावर तक्ता केला, प्रत्येक गावापुढे पदार्थ आणि त्यातून काय वगळायचे ते.

"म्हणजे जावईबापू, अंबाडीची भाजी, अंबाडी वगळून?" मी विचारले.

"आई, व्हेज व्हर्जन सगळ्याचं असतं," ते म्हणाले.

निघालो आम्ही पाच जण. मी, वर्षा, मंदारराव, नात सई आणि निखिल. निखिल मंदाररावांच्याच ऑफिसात, नागपूरचा, बिनलग्नाचा. तो हलेल ते खातो आणि हलणे थांबले तरी खातो. सई पहिलीत. मी मराठीत विचारले की जपानीत उत्तर देते आणि 'हाय' म्हणते. त्यांच्यात हाय म्हणजे हो.

सामानात एक अख्खी पेटी खाण्याची. भाताचा विजेचा कुकर, मेतकूट, थेपले, शेंगदाण्याची चटणी, तयार भाज्यांची पाकिटे. खायला निघालेल्या माणसांनी एवढे खाणे नेलेले मी दुसरीकडे पाहिले नाही.

सेंदाई

बुलेट गाडीने सेंदाईला उतरलो. गाव मोठे, रस्ते रुंद, दुतर्फा झाडे. हे गाव गाईच्या जिभेसाठी प्रसिद्ध आहे. प्रत्येक दुकानासमोर जिभा निखाऱ्यावर भाजत असतात आणि धूर तोंडावर येतो. मंदारराव तोंडाचे फडके दोन्ही हातांनी दाबून असे चालले की बघणाऱ्याला वाटावे मागे पोलीस आहेत. सई नवीनच वाचायला शिकलेली, प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून बापाला सांगत होती. निखिल एका दुकानात शिरला तो हात पुसत बाहेर आला.

"काकू, तुम्ही नाही चाखली?"

"मला माझी जीभ पुरते," मी म्हटले.

"पुरते? अहो, उरते," तो म्हणाला. पोरगा बरा आहे.

मंदाररावांच्या तक्त्यात इथे झुंदा होते. ते मात्र खरोखर शाकाहारी निघाले आणि खरोखर चांगले. कोवळ्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा उकडतात, दाणे सोलून कुटतात, साखर घालतात आणि तांदळाच्या कुटलेल्या उकडीच्या गोळ्यावर ते सारण थापतात. उकडीचा मोदक उलटा केला, सारण बाहेर आणि उकड आत, की झाले. रंग पोपटी, वास ओल्या वालासारखा. जाल तर जरूर खा, पण घास लहान घ्या. उकड चिवट असते, दात आणि टाळू दोन्हीला धरून बसते.

मंदाररावांनी डोळे मिटून खाल्ले आणि म्हणाले, "अगदी आपल्यासारखं आहे!"

परदेशी गेलेला मराठी माणूस चांगल्या पदार्थाला याहून मोठी शाबासकी देत नाही.

शिओगामा

सेंदाईहून जवळच शिओगामा हे बंदर. तिथला मासळीबाजार बघायला मी हट्टाने गेले. एवढी वर्षे मी बाजारात बसणाऱ्या बायांशी भांडले आहे, पण असा बाजार पाहिला नाही. वास नाही, माशी नाही, आरडाओरडा नाही. मासे दुखवट्याला आल्यासारखे ओळीने निजलेले. भाव पाटीवर लिहिलेला आणि कोणी घासाघीस करत नाही. मग बाजाराला जायचे कशाला, हे मला कळले नाही.

मंदारराव दारातच थांबले. "तुम्ही बघून या. मी सईला बोटी दाखवतो," म्हणाले. निखिल त्यांच्याबरोबर गेला.

तिथला खास जीव म्हणजे होया. दिसायला लालभडक, अंगभर गाठी. अननसाला गोवर झाल्यासारखा. बाईने सुरीने उभा चिरला, आत केशरी मांस. कच्चाच देतात. चव आधी लोखंडाची, मग खारट, मग गोड, आणि वर पाणी प्यायले तर पाणीही गोड लागते. मला आमच्या खडकावरची कालवे आठवली. ज्याला कालवे आवडतात त्याने होया खावा. इतरांनी लांबून बघावा.

पुढच्या गाळ्यावर एक म्हातारा मोठे बांगडे मीठ लावून भाजत होता. आपल्या बांगड्याचा थोरला भाऊ, पाठीवर तशाच निळ्या रेघा. चरबी निखाऱ्यावर पडून चुरचुरत होती. मी एक घेतला आणि मागे वळले तर वर्षा माशाकडे नव्हे, दाराकडे बघत होती.

"खा," मी म्हटले.

"नको, आई. वास येईल."

"कोणाला? तो तिकडे बोटी बघतोय."

"सोडलंय मी."

"दारू सोडतात. मासा कोणी सोडतं?"

तिने एकदा दाराकडे पाहिले आणि मग बर्फाच्या खोक्यांच्या मागे जाऊन खाली बसली. अख्खा बांगडा खाल्ला, काटे चोखले, डोक्यासकट. आमच्या ओटीवर बसून खायची तशीच, करंगळी वर करून. नंतर नळावर हात धुतले, चूळ भरली, गोळ्या चघळल्या आणि पुन्हा हात धुतले. चांगली शिकलेली, तिथे शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, आणि चोरी केल्यासारखी हात हुंगत बसली होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"किती वर्षं हात हुंगणार आहेस?"

"आई, तू चार दिवसांची पाहुणी. घर मला चालवायचंय."

बाहेर मंदारराव म्हणाले, "कसा होता बाजार?" वर्षा म्हणाली, "स्वच्छ." आणि लगेच तोंडाला फडके बांधले.

गरम पाण्याचे गाव

पुढचा मुक्काम डोंगरात, आमच्याकडे उन्हवऱ्याला आहेत तशी गरम पाण्याची कुंडे असलेल्या गावी. तिथे बायकांच्या कुंडात अंगावर चिंधी न ठेवता उतरावे लागते. वर्षा अर्धा तास दारात घुटमळली. मी सरळ उतरले. या वयात माझ्याकडे बघून कोणाचे काय भले होणार आहे? आत तीन म्हाताऱ्या गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या. एकीने माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवले, मी तिच्या गुडघ्याकडे, आणि आमचे बोलणे पूर्ण झाले.

रात्रीच्या जेवणात रानभाज्या होत्या. बर्फ वितळला की तिथले लोक पावसाळ्यात आपण टाकळा-फोडशी आणायला जातो तसे रानात जातात. मिटलेल्या मुठीसारखे नेच्याचे कोंब, काटेरी झाडाचे कोवळे शेंडे पिठात बुडवून तळलेले, आणि बांबूचा कोंब. बांबूच्या कोंबाला आम्ही वास्ता म्हणतो. इथला गोडसर, कुरकुरीत, आणि कडूपणा काढायला दोन दिवस पाणी बदलत बसावे लागत नाही. माशाच्या पाण्यात शिजवला होता, म्हणूनच चांगला लागत होता.

मंदाररावांनी मंत्र म्हटला. घरमालकीण गुडघ्यांवर बसून ऐकत होती. ती ताट घेऊन आत गेली, दुसरे आणले. मंदाररावांनी वास घेतला. दाशी. पुन्हा आत, पुन्हा वास. शेवटी बिचारीने भात, पांढरे टोफू, मीठ आणि कच्चा कोबी आणून ठेवला आणि जमिनीला डोके टेकले. मंदाररावांनीही डोके टेकले, मग पिशवीतून मेतकूट काढले.

"कशी लागतेय हो इथली खास थाळी?" मी विचारले.

"छान आहे की! साधं, सात्त्विक."

"ग्योतोकुला मिळत नाही का कोबी?"

निखिलच्या तोंडातला घास नाकात गेला. मंदाररावांनी कोबीवर आणखी मेतकूट टाकले. एक कबूल करते, माझे बोलणे या जावयाने कधी उलटवले नाही. उलटवले असते तर मला जास्त आवडले असते.

त्या रात्री ते फार शिंकले. उशा इथेही कोंड्याच्याच होत्या.

मोरिओका

मोरिओकाचा पदार्थ म्हणजे वांको-सोबा. सोबा ही शेवई, पण गव्हाची नाही, त्यांच्याकडच्या एका काळपट धान्याची. वांको म्हणजे वाटी. एका वाटीत एक घास शेवई. वाढणारी बाई तबक घेऊन तुमच्या खांद्याशी उभी राहते. तुम्ही घास गिळला की "हाय, दोन्दोन!", म्हणजे हो, भराभर, असे ओरडून ती दुसरा टाकते. रिकाम्या वाट्या रचून ठेवतात, म्हणजे किती खाल्ल्या ते साऱ्या दुनियेला दिसते. पुरे झाले की वाटीवर झाकण घालायचे. झाकण पडेपर्यंत ती वाढतच राहते, आणि झाकण घालायच्या आत घास टाकते. आपल्या पंगतीतल्या आग्रहाचा त्यांनी खेळ केला आहे. मला फार आवडले. आपल्याकडे आग्रहाला अंत नाही, तिथे निदान झाकण आहे.

पण या शेवया माशाच्या पाण्यात बुडवून वाढतात. मंदाररावांनी पाच वर्षांत सोबा कधी तोंडाला लावला नव्हता तो याचसाठी. जिथे सोबा तिथे दाशी. इथे मात्र ते इरेला पेटले होते, कारण साहेबाने सोबाचेच नाव घेतले होते. मालकाशी बराच वेळ बोलणी झाली. शेवटी ठरले की यांच्या शेवया वेगळ्या पातेल्यात, नुसत्या गरम पाण्यातून काढून द्यायच्या. वाढणाऱ्या बाईने विचारले, आणखी कशाची ॲलर्जी? मंदाररावांनी छातीवर हात ठेवून मंत्र म्हटला: निकु नाशी, साकाना नाशी, दाशी नाशी. तिने मान हलवली. खाण्यातले विघ्न म्हणजे मांस आणि मासा, तिसरे असते हे आमच्या कोणाच्या डोक्यातच नाही. धान्य माणसाला काय करणार?

गळ्यात लाळेरी बांधून सगळे बसलो. दाशीतला सोबा हलका, गुळगुळीत, भाजल्या धान्याचा वास येणारा. मी थोड्याच वाट्यांत झाकण घातले. निखिल आणि मंदारराव यांची चुरस लागली.

"काय मंदारभाऊ, एवढ्यात दमले? पुण्याचे ना जी तुम्ही!" निखिल म्हणाला.

"तू दाशीवर पळतोयस. मी कोऱ्या पाण्यावर," मंदारराव म्हणाले. जन्मात पहिल्यांदा रंगात आले होते. शेवयांना शेंगदाण्याची चटणी लावून ओढत होते.

मधेच त्यांनी घसा खाकरला, मान खाजवली, आणि वाटीवर आडवा हात धरला.

आपल्याकडे पंगतीत जावई पानावर आडवा हात धरतो आणि सासू बोटांच्या फटीतून जिलबी सोडते. हात म्हणजे 'नको', पण खरे 'नको' नव्हे. त्या बाईला यातले काहीच माहीत नव्हते. तिला झाकण कळत होते, हात कळत नव्हता. "हाय, दोन्दोन!" करून तिने हाताच्या कडेने घास सोडला. अर्धी शेवई बोटांवर पडली. वाटीत पडलेले टाकायचे नाही ही मंदाररावांना घरची शिकवण. त्यांनी ते खाल्ले आणि पुन्हा हात धरला. पुन्हा घास पडला, पुन्हा खाल्ला.

"अहो घ्या हो," मीही म्हटले. "जावयाने एवढ्यात हात धरायचा?"

हात, घास, हात, घास. असे किती वेळा झाले ते वाट्यांनाच ठाऊक. झाकण त्यांच्या डाव्या हाताशी होते. शेवई पडलेल्या बोटांवर लाल गांध्या उठल्या तेव्हा मी म्हटले, पित्त आहे. मग ओठ सुजले, आणि मग जे झाले ते मी आधीच सांगितले आहे.

माफी मागणारा तो मालकच होता. त्याने वाकणे थांबवून फोन उचलला. फोनवर बोलताना तो वर्षाला विचारत होता, सोबाची ॲलर्जी आहे का? सोबाची? वर्षा त्याला ओरडून सांगत होती, नाही, मासा, मासा. मग ती माझ्याकडे वळली. चेहरा पिठासारखा पांढरा.

"आई, माझ्या हाताचं असेल. मी त्या दिवशी खाल्ला ना. त्यांचे थेपले मीच काढून दिले सकाळी. माझ्या हाताला असेल."

"गप्प बस. तुझ्या बांगड्याने नवरा मरत नसतो."

"मग का होतंय असं?"

ते मला माहीत नव्हते. मी आमसूल चोळत राहिले. सई भिंतीला पाठ लावून उभी होती आणि 'पापा' एवढेच म्हणत होती.

रुग्णवाहिका आली. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसे धावत आली, पण दारात बूट काढून. मी ते बघितले आणि माझ्या तोंडात शिवी आली. मग दिसले की बूट काढायलाही त्यांना क्षण लागला नाही. नाकातोंडावर हवेचा पेला बसवला आणि उचलून नेले. वर्षा आत बसली. आम्ही तिघे मागून टॅक्सीने.

इस्पितळ जवळ होते. मांडीत सुई टोचली. काही वेळाने दार उघडून डॉक्टर आला. अगदी तरणा पोर. त्याने निखिलला इंग्रजीत सांगितले, निखिलने मला.

"काकू, सोबाची ॲलर्जी. त्या धान्याची. इथे पुष्कळांना असते म्हणे, पार जीव जातो. डॉक्टर विचारतोय, आधी कधी त्या धान्याशी संबंध आला होता का? घरात उशी कोणती आहे?"

"उशी?"

"त्या उशांत सोबाचाच कोंडा असतो म्हणे."

म्हणजे पाच वर्षे रात्रभर तो कोंडा हुंगून शरीर चिडून बसले होते आणि सकाळी शिंका देवदाराच्या नावावर जात होत्या. पाच वर्षे सोबा यांच्या तोंडात गेला नाही तो फक्त माशाच्या पाण्यामुळे. माशाने पाच वर्षे माझ्या जावयाला राखले. यांनी मोठ्या कष्टाने, अर्धा तास बोलणी करून, त्या माशाला बाजूला केले आणि उरलेल्या शुद्ध शाकाहाराने घात केला.

हे मी त्यांना ऐकवणारच होते. पण आत गेले तर त्यांच्या हाताला नळी होती, चेहरा अजून सुजलेला, आणि वर्षा कॉटच्या कडेवर बसून बोलत होती.

"मी शिओगामाला मासा खाल्ला. अख्खा. तुम्हाला माहीत नाही. आणि मला वाटलं, त्यानेच तुम्हाला झालं. तुम्ही तिथे पडलेले, आणि मी मालकाशी माशावरून भांडत बसले. तो बरोबर विचारत होता आणि मी त्याला नाही म्हणत होते. तुमचं काही झालं असतं ना, तर मी जन्मभर असंच समजले असते की एका बांगड्यामुळे."

मंदाररावांचा घसा बंद. त्यांना नुसते ऐकावे लागले, हे एका परीने बरे झाले. शेवटी त्यांनी फुटक्या आवाजात विचारले, "चांगला होता का?"

"खूप," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"मग घरी कर," ते म्हणाले. थोडा दम घेऊन पुढे म्हणाले, "खिडकी मात्र उघडणार मी."

"उघडा," वर्षा म्हणाली. "थंडीतसुद्धा उघडा."

मी बाहेर येऊन बसले. माझे ऐकवायचे राहून गेले, ते इथे लिहिले आहे.

जाणाऱ्यांना सांगते. झुंदा खा, होया खा, बांबूचा कोंब माशाच्या पाण्यातलाच खा. सोबाही खा, पण पहिल्यांदा खाणार असाल तर चुरशीने खाऊ नका, आणि कोणी ॲलर्जी विचारली तर धर्म सांगू नका. अंगाला काय सोसते ते सांगा. ते माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

मंदाररावांना रात्रभर ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडले. सोबाच्या हॉटेलचा मालक इस्पितळाच्या फाटकाशी उभा होता, पुन्हा वाकला. आम्ही सगळेच वाकलो. उत्तरेचा बाकीचा तक्ता तिथेच सोडून बुलेट गाडीने परत आलो. जावई माझे जगले. वाटेत खिडकीपाशी बसून घोरत होते.